पाणी पिऊन पाहिले

टाकी धुतली की तिचं पाणी आधी भिवा घडशी पिणार, मग बाकीचे, ही गोष्ट दुबईच्या अल क्वोज भागातल्या निम्म्या वॉचमनांना तोंडपाठ आहे. अठरा वर्षं तो दुबईत इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुतोय. आता सुपरवायझर झाला, तरी टाकीत स्वतःच उतरतो. घासायचं, क्लोरिन घालायचं, नमुन्याची बाटली लॅबला पाठवायची, तारखेचा स्टिकर चिकटवायचा, हे सगळेच करतात. भिवाची रीत त्याच्या पुढची. रिपोर्ट आला की तो खालच्या नळाला स्टीलचा पेला लावतो, वॉचमनच्या देखत गटागटा पितो आणि मगच कागदावर सही करतो. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर मोहिद्दीन, मूळचा खेडकडचा, त्याला चिडवतो, "भिवाभाय, तू म्हणजे राजवैद्य. औषध आधी स्वतः घेणार, मग पेशंटला देणार!"

असा हा काटेकोर माणूस आपल्याच गावात मात्र डोळे मिटून सही करून आला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो यालाच.

गेल्या वर्षी मे महिन्यात भिवा रजेवर गेला, तेव्हा गावात नव्या नळयोजनेचं उद्घाटन होतं. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, डोंगराच्या उतारावरचं, मोजून बेचाळीस घरांचं. सरकारी योजनेतून विहीर झाली, टाकी झाली, घरोघर नळ आले. त्याच झपाट्यात वरच्या वाडीचं सांडपाणी नेणारं गटारही झालं. ते विहिरीच्या वरच्या अंगाला, पन्नास पावलांवर, तोंड उघडं टाकून थांबलं होतं. तिथून पुढचा पाइप कागदावर होता, जमिनीत नव्हता.

काम पुरं झालं असा पंचनामा करायला पंच हवे होते. ठेकेदाराला कुणीतरी सांगितलं, आपला भिवा दुबईत पाण्याचंच काम करतो, त्याला घ्या. झालं! मंडपात खुर्ची आली, शाल आली, नारळ आला, माइकवरून 'दुबईचे तज्ज्ञ' म्हणून पुकारा झाला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाक्यांत वाकलेल्या माणसाला एक दिवस ताठ बसायला मिळालं, तर तो हुरळेल नाही तर काय? माझा राग त्याच्या हुरळण्यावर नाही, पुढच्या गोष्टीवर आहे.

नर्मदाआक्का मंडपाच्या कडेनं त्याच्या खुर्चीपाशी आली. भिवाची ही थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, आणि भिवाला वाढवता वाढवता आक्काचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. तो पहिल्यांदा दुबईला निघाला तेव्हा तो स्टीलचा पेला बॅगेत तिनंच घातला होता.

"भिवा, पाण्याला वास येतोय रे," ती म्हणाली. "सकाळी तांब्या भरला, तर नाकाशी नेववेना. तू जरा वर जाऊन बघ तरी."

"आक्का, नव्या पाइपांना येतोच वास. दोन दिवसांत जातो."

"तरी बघून ये."

"आत्ता? लोक काय म्हणतील!"

अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, खांद्यावर शाल होती. योजनेचा सरकारी इंजिनिअर शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. पाहुण्यांसाठी टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. उकाड्यानं भिवाचा घसा सुकला होता. त्यानं एक बाटली फोडली, अर्धी संपवली आणि पंचनाम्यावर झोकात सही ठोकली. कागदावर लिहिलं होतं, 'आम्ही विहीर व टाकी समक्ष पाहिली. पाणी पिऊन पाहिले.' त्यानं ते वाचलं होतं. वाचूनच सही केली होती.

आक्का पन्नास वर्षं खालच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. सही झाली त्या दिवसापासून तिनं झरा सोडला. शेजारच्या बाया अजून कळश्या घेऊन उतरत होत्या, त्यांनाही ती अडवायची. "माझ्या भिवानं सही केलीय. तो दुबईत पाणी तपासतो. कशाला उगाच गुडघे झिजवता?" तिच्या शब्दावर आणखी दहा घरांनी झरा सोडला.

ऑगस्टात आक्काला कावीळ झाली. अकरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काढले आणि गेली. भिवा पोचला तेव्हा स्मशानात राखेचा डागही उरला नव्हता. तेव्हा तो पहिल्यांदा विहिरीवर चढून गेला. उघडं गटार पाहिलं, त्याचा ओघळ विहिरीच्या काठाशी मुरताना पाहिला. पण खाली उतरल्यावर कुणाला काही बोलला नाही. "पाणी उकळून प्या" एवढं सांगून परत दुबईला आला. सहीची लाज आक्काच्या दुःखापेक्षा मोठी ठरली, हे लिहितानाही वाईट वाटतं.

गावचे निवृत्त शिक्षक रामचंद्र गुरुजी मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी बेचाळीस घरांच्या सह्या घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार दिली. महिन्याभरात उत्तर आलं: काम पूर्ण आहे, पंचांनी पाणी पिऊन पाहिल्याची नोंद आहे, पैकी एक पंच परदेशात याच क्षेत्रात काम करतात, सबब तक्रारीत तथ्य नाही. गुरुजींनी त्या पत्राचा फोटो भिवाला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "खरं काय ते तूच सांग."

भिवानं कित्येक महिने उत्तर दिलं नाही. या जुलैमध्ये गावातली दोन लहान मुलं काविळीनं दवाखान्यात गेली. वाचली, पण त्या बातमीनं त्याची झोप उडाली. त्यानं गुरुजींना फोन करून सांगितलं, "चौकशी लावा. मी बोलतो."

"बैल गेला आणि झोपा केला," गुरुजी म्हणाले. मग पुस्ती जोडली, "तरी कर. गोठ्यात अजून वासरं आहेत."

चौकशीची लिंक दुपारी एकला आली. उन्हाळ्यात त्या वेळी दुबईत बाहेरचं काम बंद असतं. भिवा गाडीत एसी लावून बसला, मोहिद्दीन शेजारी. स्क्रीनवर जिल्ह्याच्या कार्यालयातून चौकशी करणाऱ्या बाई, आणि दुसऱ्या चौकोनात ग्रामपंचायतीत बसलेले गुरुजी.

"घडशी, ही सही तुमची?"

"हो मॅडम."

"टाकी पाहिली होती? विहीर?"

"नाही."

"पाणी पिऊन पाहिलं?"

"प्यालो मॅडम. बाटलीतलं."

बाईंच्या कार्यालयात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग सही का केलीत?"

"मान मिळत होता, मॅडम."

बाईंनी लिहून घेतलं. "पाणी खराब असल्याचं त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही, असं आमचे इंजिनिअर म्हणतात. कुणी बोललं होतं का?"

"माझी बहीण. नर्मदा घडशी. इंजिनिअर साहेब तिथंच उभे होते."

"हे महत्त्वाचं आहे. त्यांचा जबाब घ्यावा लागेल. गुरुजी, त्यांना बोलावून घ्या."

गुरुजींनी मान खाली घातली.

"आक्का गेली, मॅडम," भिवा म्हणाला. "हेच पाणी पिऊन. माझी सही होती म्हणून प्याली."

मग बाईंनी विचारलं, "ऐकणारं दुसरं कुणी?"

"मीच होतो. तिनं सांगितलं मला, आणि गप्प बसलो तो मीच. एवढं लिहून घ्या. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण आधी तो पाइप टाका."

"जबाब नोंदवला. फाइल पुन्हा उघडावी असं मी लिहीन. काम कधी होईल, ते माझ्या हातात नाही."

स्क्रीन बंद झाली. मोहिद्दीननं गाडी रस्त्यावर काढली. थोड्या वेळानं म्हणाला, "करामाच्या बिल्डिंगचा रिपोर्ट आलाय. जायचं? नाहीतर आज खलास करू."

"चल," भिवा म्हणाला.

करामाला वॉचमन यहया कागद घेऊन वाट बघत होता. भिवानं पेला नळाखाली धरला, भरला. अठरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. पेला आधी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पाणी प्याला.

"सब ठीक?" यहयानं विचारलं.

"इधर ठीक है," भिवा म्हणाला आणि सही करायला पेन मागितलं.