ऊन चढलं की बंद होणारी फाइल

चूक माझी होती. अनुभव सांगण्याआधी एवढं लिहून टाकतो, कारण गोष्ट रंगायला लागली की माणूस त्यातला स्वतःचा वाटा हळूच लहान करत जातो... आणि मी ते एकदा करून बसलोय.

दुसरं म्हणजे, असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या सदरात छापून येणारे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. माझा धंदाच संगणकाचा. तिथे काही बिघडलं तर त्याला कारण असतं. सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं मी ज्युनिअर पोरांना सांगायचो. आता सांगत नाही.

मोबाईल अजून मोजक्याच खिशांत होते तेव्हाची गोष्ट. देऊळगाव राजाला एका बियाणं कंपनीचं ऑफिस होतं, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे गोदाम, मागे छोटासा चाचणी प्लॉट, मध्ये एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत सर्व्हर होता आणि सर्व्हर माझ्या ताब्यात होता.

आमच्या भागात बीजोत्पादन घरोघरी चालतं. कपाशीचा प्लॉट म्हणजे बायांचं काम. दुपारनंतर मादी ओळीतली कळी नखाने सोलायची, तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं उमलली की ती तोडून त्या कळ्यांवर फिरवायची. ऊन चढलं की काम संपलं, मग फूल उपयोगाचं राहत नाही. माझी आईसुद्धा अशी क्रॉसिंगला जायची. तिची नखं कायम हिरवी-काळी असायची.

सोलताना कळ्या सुटल्या तर मादीचं आपल्याच परागाने बी धरतं. त्याला आमच्याकडे 'सेल्फ' म्हणतात. असं बी मिसळलं की माल नापास. म्हणून प्रत्येक लॉटचं थोडं बी लावून, झाडं वाढवून तपासतात आणि तो निकाल आमच्या डेटाबेसमध्ये यायचा.

माझी चूक तिथेच आहे. लॅबची माणसं निकालाच्या फाइली सर्व्हरवर टाकायची आणि डेटाबेस त्या उचलायचा. लॅबचा युजर वेगळा, डेटाबेसचा वेगळा. एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला वाचता येईना. रोज सकाळी स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड' आणि रोज माझ्या दारात लॅबच्या इंगळे मॅडम. त्या मूळच्या मलकापूरच्या.

"नागरे सर, हे तुमचं मशीन मले ओळखत नाही का हो? कालच तर भेटलो होतो."

योग्य उपाय मला माहीत होता. दोघांचा एक गट करायचा, त्या गटालाच लिहिण्याची मुभा द्यायची, बाकीच्यांना बंद. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण निकालांची गर्दी होती, वरून फोन येत होते... मी अख्ख्या फोल्डरवर तीनदा सात मारून मोकळा झालो. म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही पुसा. तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. मॅडमनी मला चहा पाजला.

त्याच आठवड्यात आमच्या दुसऱ्या केंद्रातून निकाल आले. त्यातल्या एका फाइलचं नाव आमच्या एका फाइलसारखंच होतं. एरवी सर्व्हरने ती अडवली असती. आता अडवायला कोणी नव्हतंच. नवी फाइल जुनीवर बसली आणि एका पास झालेल्या लॉटवर दुसऱ्याच कुणाचा नापास निकाल चढला.

तो लॉट यमुनाबाईंचा होता. जवळच्याच एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या, घरचीच जमीन. आपल्या आळीतल्या बाया जमवून त्या प्लॉट करायच्या आणि त्यांच्या हाताखालचं क्रॉसिंग तालुक्यात नावाजलेलं होतं. नापास कळल्यावर त्या थेट माझ्या खोलीत आल्या. चपला बाहेर काढून.

"भाऊ, तुमच्या त्या डब्यात परत एकदा पाहा. मह्या बायांनी एक कळी सोडली नाही."

मी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणालो, "काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो."

"मग आम्ही खोटं बोलून राह्यलो का?"

मी पुढची फाइल उघडली. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी आदल्या आठवड्याचा बॅकअप उघडला, आणि त्यात यमुनाबाईंची मूळ फाइल दिसली. पास. नुसती पास नाही, उत्तम. मी ती फाइल सर्व्हरवर उतरवली, डोळे फाडून पाहिली... आणि सगळ्यांसाठी बंद केली. रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, सोडून कुणाला वाचता येणार नाही अशी. रूटचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. मग बाकीच्या फोल्डरच्या परवानग्या नीट लावल्या, अगदी पुस्तकात असतात तशा. माझ्या कायम होण्याचा कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

यमुनाबाईंना त्या वर्षी प्लॉट मिळाला नाही. आमच्या कंपनीकडूनही नाही आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही, कारण अशी बातमी गावात फिरायला वेळ लागत नाही. बाजारात बाया त्यांना 'सेल्फवाली' म्हणू लागल्या. मी हे स्वतः ऐकलं, भाजी घेताना. यमुनाबाई वांग्यांची पाटी घेऊन विकायला येत होत्या. माझ्यासमोरची भाजीवाली हसत म्हणाली, "आली पाहा सेल्फवाली, वांगी नीट पारखून घ्या बाई तिच्याकडून." यमुनाबाई पाटी सावरत पुढे गेल्या. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिलो.

पावसाळा सरत आला, प्लॉटवर कपाशी फुलावर आली, आणि एका सकाळी इंगळे मॅडम पुन्हा दारात.

"सर, एका लॉटचे दोन निकाल दिसून राह्यले. एक पास, एक नापास. असं कसं हो?"

लॉट नंबर तोच, यमुनाबाईंचा. गेलो, पाहिलं. मी बंद केलेली फाइल सताड उघडी, सगळ्यांना वाचता येणारी. मी ती गुपचूप बंद केली आणि मॅडमना म्हणालो, काहीतरी गडबड होती, काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उघडी. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम हात लावला नाही, नुसता पाहत बसलो. जेवायच्या वेळेच्या सुमारास ती आपोआप बंद झाली. चौथ्या दिवशीही तेच. सकाळी उघडायची, ऊन चढलं की मिटायची.

वाचकांमध्ये या धंद्यातले कोणी असतील तर ते आता म्हणतील, ठरावीक वेळेला चालणारा एखादा प्रोग्राम असेल. मीही तेच म्हणालो. वेळापत्रकं एकेक करून तपासली. असं काही नव्हतं. पासवर्ड बदलला. रात्रभर नेटवर्कची वायर उपसून ठेवली. खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. फरक शून्य. फाइलची परवानगी बदलली की बदलल्याची वेळ तिच्यावर नोंदली जाते. ती वेळ मी शेवटचा हात लावला तेव्हाचीच होती. म्हणजे सर्व्हरच्या हिशेबाने कुणी काही बदललंच नव्हतं. तरी फाइल उघडी होती आणि मॅडमच्या स्क्रीनवर वाचता येत होती.

मग मी सर्व्हरचं घड्याळ काही तास पुढे केलं. प्रोग्राम असता तर त्या घड्याळाप्रमाणे चालला असता. फाइल आपल्याच वेळेला उघडली. खऱ्या सकाळी.

हे सगळं चालू असताना आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं दाटून आलेलं, गार. त्या दिवशी नेहमीची वेळ टळून गेली तरी फाइल बंदच. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात इंगळे मॅडम आल्या. मागच्या चाचणी प्लॉटवर त्यांच्या बाया खोळंबल्या होत्या.

"आभाळ आहे ना, फुलंच उघडेनात. बाया बांधावर बसून माझीच टिंगल करून राह्यल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाले बरं नाही का सर? घाम काऊन फुटला?"

मी कपाळ पुसलं. त्या मागच्या दारातून पुन्हा प्लॉटकडे डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "चला, लागली बाई एकदाची उघडायला!"

मी एन्टर दाबला. फाइल उघडी होती.

त्या खोलीला खिडकी नव्हती हे मी वर लिहिलंय. सर्व्हरला ऊन कळायचं काही कारण नव्हतं, आभाळ तर नाहीच. मी उठून प्लॉटवर गेलो. पिवळी फुलं हळूहळू मोकळी होत होती आणि बाया लगबगीने ओळींत शिरत होत्या. त्या दिवशी काम उशिरापर्यंत चाललं. फाइलही उशिरापर्यंत उघडी राहिली. शेवटची बाई हात झटकत बाहेर आली तेव्हा मी धावत खोलीत गेलो. बंद.

मला भीती वाटली हे खरं. पण भुताला घाबरतात तशी ती नव्हती. आई रागावलेली असूनही काही बोलत नाही, नुसतं ताट वाढते, तेव्हा वाटायची तसली. त्या फाइलने माझं काहीही बिघडवलं नाही. एक बिट इकडचा तिकडे झाला नाही. ती फक्त क्रॉसिंगच्या वेळेला उघडून बसायची, कुणी तरी वाचावं म्हणून.

ती पुसून टाकायचा विचार आला नाही असं नाही. कमांड टाइपसुद्धा केली. पण यमुनाबाई खऱ्या होत्या याचा जगात तेवढाच पुरावा शिल्लक होता. कमांड खोडली आणि इंगळे मॅडमना बोलावून सगळं सांगितलं.

त्यांनी दोन्ही निकाल पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "सर, मले काऊन सांगून राह्यले? तिले सांगा ना."

आधी साहेबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही प्रिंट पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "अरे, आता कशाला उकरतोस? मिटलं होतं ना सगळं?"

"माझं मिटलं होतं सर. त्यांचं नाही."

माणूस वाईट नव्हता. निकाल दुरुस्त झाला, कंपनीने यमुनाबाईंना पुढच्या हंगामाचा प्लॉट द्यायचं कबूल केलं, बाकीचं देणंघेणंही पुढे मार्गी लागलं. माझं कायम होणं लांबलं, ते लांबायलाच हवं होतं. फक्त साहेब एवढं म्हणाले, "आम्ही निरोप पाठवतो. तू माफीबिफी मागायला जाऊ नकोस, प्रकरण वाढेल."

मी ती फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी कायमची उघडी केली. पुढे दुपारी मिटते का, म्हणून हंगामभर पाहिलं. मिटली नाही. नंतर तो सर्व्हर भंगारात गेला, मी नोकरी बदलली, कितीतरी जाणकारांना हे सांगितलं. कोणी डिस्कवर ठपका ठेवतो, कोणी माझ्या मनावर. मनावर ठेवा, हरकत नाही, पण मॅडमच्या स्क्रीनवर दिसत होतं ते माझ्या मनात कसं असेल? मला उत्तर सापडलेलं नाही. आता शोधतही नाही.

माफीच्या बाबतीत मात्र साहेबांचं ऐकलं नाही. त्यांच्याशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच सकाळी यमुनाबाईंच्या गावाला गेलो. त्यांच्या घरी कळलं की यमुनाबाई दुसऱ्याच्या प्लॉटवर रोजाने जातात. ज्या बाईच्या हाताखाली बाया काम शिकल्या, ती आता त्याच बायांच्या रांगेत. बांधावर पोहोचलो तेव्हा क्रॉसिंग ऐन भरात होतं. एकीने मला ओळखलं.

"आले गं कॉम्प्युटरवाले साहेब! बूट काढा, नाहीतर चिखलात रुतून बसाल."

"नराच्या फुलांची पिशवी धरता का?" दुसरी म्हणाली. "एक माणूस कमी आहे."

सगळ्या हसल्या. यमुनाबाई हसल्या नाहीत. फूल कळीवर फिरवत म्हणाल्या, "काय काम काढलं, भाऊ? बोला चालता चालता. थांबायला टाइम न्हाई."

मी बूट काढले आणि त्यांच्या मागे सरीतून चालू लागलो. त्यांची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. कदाचित त्यामुळेच बोलता आलं. फोल्डर कसा उघडा टाकला, निकाल कसा बदलला, मला कधी कळलं, सगळं सांगितलं. आवाज फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढा. त्या एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात राहिल्या. सरीच्या टोकाला आल्यावर वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "पण मला तं ठावं होतंच. त्या तिकडच्या सऱ्यांतल्या बायांना सांग. मोठ्यानं."

एव्हाना हसणं थांबलं होतं. लाल कागदांच्या त्या ओळींवरून सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी अनवाणी सरीत उभा राहिलो आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या मोठ्याने म्हणालो —

"यमुनाकाकूंचा माल पास होता! त्यांच्या बायांनी एकही कळी सोडली नव्हती. चूक मी केली, मला ती दोन दिवसांत कळली, आणि नोकरीच्या भीतीने मी लपवून ठेवली. काकू, तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."