सुमनच्या बोटाचं माप

हे मी कोणापाशीच बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, आई जायच्या आधी तिच्यापाशीबी न्हाई.

आधी मला सांगा, हे अंगठीचं खूळ काढलं कोणी? माझ्या आज्जीच्या वक्ताला साखरेचा पुडा फोडला, ओटीत नारळ घातला, की सोयरीक पक्की. तिचा संसार काय मोडला? आमच्या वेळेला अंगठी आली, अन् तिच्यासंगं शकुन-अपशकुन आले.

कळमनुरीचं स्थळ माझ्यासाठी आलं होतं. पोहे मी दिले. पसंत पडली ती पाणी घेऊन आलेली धाकटी, सुमन. घरात सगळे खूश — मला कोणी एका शब्दानं विचारलं? उलट आई मलाच म्हणली, सुमनच्या बोटाचं माप घे दोऱ्यानं, त्यांच्या सोनाराला पाठवायचंय.

घेतलं. बराबर घेतलं. अन् मग — तो दोरा चुलीत टाकला. दुसरा माझ्या करंगळीला गुंडाळला, गाठ मारली, अन् तोच पाठवला.

साखरपुड्यात अंगठी पेरावर अडली. साबण लावला, तेल लावलं, बोट लालभडक झालं. त्यांची मावशी म्हणली, सोनंच नको म्हणून राहिलं पोरीला. एवढी शिकलेली माणसं — अंगठी वाढवून मिळती, हे एकालाबी सुचू नये? आठ दिवसांत सोयरीक मोडल्याचा निरोप आला. त्यांना शिव्या घालण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आत्ताबी बघा ना — तुमच्यापाशी बोलायला बसले, तर आधी अंगठीलाच बोल लावला.

सुमननं दोऱ्याचा संशय कधी घेतलाच न्हाई. म्हणायची, कापूस वेचून माझीच बोटं जाड झाली. पुढं स्थळं यायची, अन् अपशकुनाचं कानावर गेलं की परत जायची. माझं लगीन त्याच साली झालं. माझी अंगठी बराबर बसली.

दहा वर्षांनी आमच्या भावाचा साखरपुडा झाला. सुमन त्याच्यापाशीच राहते, तिचं लगीन झालंच न्हाई. नवरीच्या अंगठीची डबी मी सुमनपुढं धरली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“तूच दे, आक्का. माझा हात लागाया नको.”

मी डबी घेतली, अन् पुढं झाले.