रांग जागच्या जागी होती

कचेरीत तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणत. औषधांचा घाऊक पुरवठा करणारी ती कंपनी होती, आणि एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारे निरोप वाटेत जिथे थांबतात त्या रांगा तिच्या ताब्यात होत्या. एखाद्या इस्पितळाने मागणी नोंदवली की ती गोदामाच्या रांगेत येऊन बसे आणि गोदामाचे यंत्र मोकळे झाले की तिथून उचलली जाई. टपालकचेरीतल्या खणांसारखाच प्रकार. प्रत्येक रांगेला नाव तिनेच दिले होते. घरात मुलांची नावे सासूबाईंनी ठेवली, इथे तरी माझी हौस भागू दे, असे ती हसत म्हणायची.

त्या दिवशी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच गोदामातून फोन आला. गोदाम सांभाळणारी बाई मोठी फटकळ.

"काय हो पोस्टमास्तरीणबाई, टपाल बंद ठेवलंय का आज? सकाळपासून एक मागणी आली नाही. माझी माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. मुलांच्या इस्पितळातून सलाइनसाठी दोनदा फोन झाला, त्यांना मी काय, कपाळ सांगू?"

"बघते, लगेच बघते."

तिने कन्सोल, म्हणजे रांगांचा कारभार बघायचा पडदा, उघडला. शोधायच्या पानावर आधी प्रकार निवडायचा, मग नाव टाकायचे. तिने 'रांग' निवडले, गोदामाच्या रांगेचे नाव टाकले आणि बटण दाबले.

काहीही आढळले नाही.

घाईत चुकले असेल म्हणून तिने पुन्हा एकेक अक्षर बघून टाकले. काहीही आढळले नाही. शोध एकाच सर्व्हरपुरता तर नाही ना, म्हणून 'सर्व सर्व्हर' निवडले. तरी तेच. आदल्या संध्याकाळी तिने साफसफाई केली होती. चाचणीसाठी केलेल्या आणि आता कुणी वापरत नसलेल्या रांगा ती महिनाअखेरीला पुसून टाकायची. त्या यादीत ही तर गेली नाही? पुसण्याआधी ती प्रत्येक नाव मोठ्याने वाचायची, त्यावरून लोक तिची थट्टाही करत. तरी पण माणसाचा हात आहे, घसरू शकतो.

एवढ्यात चहाचा कप घेऊन भावोजी केबिनमधून बाहेर आला. भावोजी म्हणजे तिचा धाकटा दीर, गेल्या वर्षापासून विभागाचा प्रमुख. शिक्षण संपून नुसता बसून होता तेव्हा तिनेच वरिष्ठांकडे खेटे घालून त्याला इथे चिकटवले होते. कन्सोलवर शोधायचे कसे, हेही त्याला तिनेच दाखवले. घरी त्याचे ताट रविवारी ठरलेले असे.

"काय झालं वहिनी?"

"भावोजी, गोदामाची रांग दिसत नाहीये."

त्याने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काल संध्याकाळी साफसफाई तुम्हीच केलीत ना? होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका. शोधा शांतपणे."

आजूबाजूच्या खुर्च्या जराशा वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. बिलांचे काम बघणारी बाई हळूच पुटपुटली, "आता वय झालं, चालायचंच." भावोजीने ते ऐकले. केबिनचे दार लावून घेतले.

तिने शोधायचे सोडले नाही. नावाचा अर्धा भाग आणि उरलेल्या अक्षरांच्या जागी ताऱ्याचे चिन्ह टाकून पाहिले. 'रांग'ऐवजी 'विषय', 'जोडणी' असे यादीतले दुसरे प्रकार निवडून पाहिले. शेवटी हताश होऊन नावाच्या जागी नुसता तारा टाकला. याचा अर्थ, जे जे आहे ते सगळे दाखव. एरवी पाने संपत नसत. आज अजून वापरात असलेल्या चारदोन चाचणीच्या रांगा आल्या, बाकी पडदा कोरा.

सगळेच गेले? बिलांच्या, पत्त्यांच्या, परत आलेल्या मालाच्या, सगळ्याच रांगा?

मग तिच्या लक्षात आले की मागे लेबलांचे छापयंत्र खडखडत आहे. ते तर पत्त्यांच्या रांगेवरच चालते. रांग पुसली गेली असती तर ते केव्हाच गप्प झाले असते. ती खुर्चीत ताठ बसली. रांगा होत्या. फक्त तिला दिसत नव्हत्या. आणि कन्सोलची ही खोड तिला पक्की ठाऊक होती. ज्या वस्तूवर तुमचा अधिकार नाही, ती तो तुम्हाला दाखवतच नाही. "तुला परवानगी नाही" असे तोंडावर सांगायची पद्धतच नाही त्याची. "काहीही आढळले नाही" म्हणून मोकळा होतो.

शेजारच्या टेबलावर एक ऑपरेटर बसायचा. वर्षानुवर्षे रात्रपाळी केल्यामुळे त्याचे नाव घुबड पडले होते.

"घुबडा, जरा तुझ्या लॉगिनवरून गोदामाची रांग शोध."

"पुसलेली कशी सापडेल?"

"शोध तर."

त्याने शोधली. रांग जागच्या जागी होती. आत मागण्यांचा ढीग साचलेला, आणि पुढे लिहिलेले, 'उचल थांबवली आहे'. घुबडाने तिच्याकडे पाहिले आणि लगेच नजर फिरवली. "मला नुसतं बघता येतं हो, ताई. सुरू करायचा अधिकार वरून काढलाय. नव्या बाहेरच्या कंपनीकडे दिलाय म्हणे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. घरच्याच ना तुम्ही."

ती केबिनचे दार न वाजवता आत गेली.

"माझे अधिकार कधी काढलेत?"

भावोजीने हातातला कप खाली ठेवला. "बसा ना वहिनी."

"कधी?"

"काल संध्याकाळी. तुम्ही घरी गेल्यावर. बाहेरच्या कंपनीची अटच होती तशी. त्यांची माणसं आणि मी, एवढेच. तुम्हाला सांगणारच होतो मी."

"मघाशी मी शोधत होते तेव्हा मागे उभे होतात तुम्ही. तेव्हा माहीत होतं?"

तो टेबलावरचा कागद सरळ करू लागला.

"ती रांग मी पुसली असं चारचौघांत म्हणालात."

"पुसली म्हणालो नाही. विचारलं फक्त. आणि वहिनी, दादाला मी रविवारीच सगळं सांगितलं होतं. तोच म्हणाला, आता काही बोलू नकोस, तिला हळूहळू कळेल."

रविवारी दोघा भावांना तिने आग्रह करकरून वाढले होते. केसाने गळा कापतात तो असा, आणि तोही आपल्याच हातचे जेवून.

"ती उचल बाहेरच्या माणसांनी थांबवली आणि पुन्हा सुरू करायला विसरले," तो खाली बघत म्हणाला. "फोन उचलत नाहीत. तेवढी सुरू करून द्या ना. मला नीट जमत नाही. तासाभराचा अधिकार देतो."

तिकडे मुलांचे इस्पितळ खोळंबले होते. तिने अधिकार घेतला, उचल सुरू केली आणि ढीग ओसरेपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. गोदामातून फोन आला, "आलं हो टपाल! गाडी निघाली इस्पितळाकडे." ती नुसते "बरं" म्हणाली.

थोड्या वेळाने सगळ्या विभागाला भावोजीचा ईमेल आला. काल साफसफाईच्या वेळी झालेली चूक दुरुस्त करण्यात आली आहे, सहकार्याबद्दल आभार. नाव कुणाचेच नव्हते. पण साफसफाई कोण करते, हे लेबले चिकटवणाऱ्यालाही ठाऊक होते.

तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग सगळ्यांनाच उत्तर लिहिले. "साफसफाईत कोणतीही चूक झालेली नाही. गोदामाची रांग पुसली गेली नव्हती. नव्या कंपनीने तिची उचल थांबवली होती, आणि माझे अधिकार मला न सांगता काढल्यामुळे ती मला दिसत नव्हती. शंका असेल त्याने विभागप्रमुखांना विचारावे." खाली आपले पूर्ण नाव घातले आणि पाठवून दिले.

बिलांचे काम बघणाऱ्या बाईने मान वर केली, ती पुन्हा खाली घालायचे तिला सुचेना. केबिनचे दार बंदच राहिले.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. नवरा होता.

"अगं, हे काय करून बसलीस? धाकट्याचा फोन आला होता, केवढा दुखावलाय तो. घरातली गोष्ट घरात नसती का मिटली?"

"घरात मला कुणी सांगितलीच कुठे," ती म्हणाली. "मला तर कचेरीतही सापडत नव्हती."

"तुला त्रास नको म्हणून गप्प राहिलो मी."

"त्रास झाला," ती म्हणाली, आणि फोन ठेवून आपल्या टेबलाचा खण रिकामा करायला लागली.