काकांचे एकसारखे चोवीस कप

अख्ख्या लोणार तालुक्यात सगळ्या माणसांना अगदी एकसारखं वागवायचा ध्यास घेतलेला एकच माणूस आहे, आणि मी त्याच्याच घरात भाड्यानं राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाग्य! त्यानं आठ दिवस राहून बघावं. आमचे कंडक्टर काका एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी कपडे तेवढे कपाटात गेले, कंडक्टर बाहेरच राहिला. लग्नाच्या पंगतीत ते शिरले की वाढप्यांचं काही चालत नाही. "सरका, पुढं सरका, मांगं जागा हाय!" असं म्हणत ते तहसीलच्या साहेबाला उचलून बँडवाल्याच्या शेजारी बसवतात आणि बँडवाल्याला नवरदेवाच्या मामाशेजारी. सगळे बसले की पेल्यावर चमचा दोनदा वाजवतात. डबल बेल. मग वाढप चालू. एकदा तर गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची तिरडी उचलताना त्यांच्या तोंडून "चला, डबल!" निघून गेलं. म्हाताऱ्याच्या पोरांना रडता रडता हसू फुटलं, आणि काका मात्र महिनाभर त्या घरावरून मान खाली घालून गेले.

त्यांच्या नोकरीतला एक किस्सा मी निदान चाळीस वेळा ऐकला आहे. खामगावच्या गाडीत परीटघडीचा एक बडा असामी चढला. रिकामी जागा एकच, तीही भाजी-माळव्याची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईच्या शेजारी. असामी म्हणे, मी इथं नाही बसत, हिला उठव. काकांनी घंटीची दोरी एकदाच ओढली. गाडी भर उन्हात, दोन्हीकडं कपाशीची पऱ्हाटी असलेल्या रस्त्यावर उभी. "सीटवर कोनाचं नाव लिहेल नाही. बसता का उतरता?" शेवटी गाडीतल्याच लोकांनी त्या असामीला दामटून बसवलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी दहा मिनिटं उभी होती. हल्ली ती उन्हं उतरेपर्यंत उभी असते.

पण काकांचा खरा जीव कुठं असेल तर कपांत. पांढरे, काठाला निळी रेघ, चोवीस कप, सगळे एकसारखे. घरी कलेक्टर येवो नाहीतर गटार उपसणारा, चहा त्याच कपातून, आणि काका स्वतः देणार. एक फुटला तर जुळता मिळेपर्यंत यांच्या पायाला भिंगरी. मेहकर झालं, जालना झालं, एकदा तर निळी रेघ थोडी जाड निघाली म्हणून दुकानदाराशी वाद घालून परत आले. "एकाले जाड रेघ, एकाले बारीक रेघ, हे माह्या घरात चालत नाही," म्हणाले. काकू कपाळावर हात मारून घेतात.

या कपांच्या वेडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि ते मला आधीपासून ठाऊक होतं. आम्ही दोघंही वडनेर भोलजीचे. मी गावातला, ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. त्यांचे वडील माझ्या आजोबांकडे कामाला होते. आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कान तुटलेला एक कप असायचा, त्यांच्या वडिलांचा. वरून, हात न लागता चहा ओतायचा, त्यांनी पिऊन कप धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवायचा. "बाप माहा लय जपून ठेवे तो कप," काका म्हणाले, "जसा काही बक्षीस भेटला होता." मी त्या घरचा नातू. आज त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, शाळेत शिकवायला जातो, आणि रोज सकाळी खाली ओट्यावर निळ्या रेघेच्या कपातून त्यांच्या हातचा चहा पितो. त्यांनी मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. एक अपवाद, तो पुढे येतो.

वरच्या मजल्यावर माझ्या शेजारी आणखी एक खोली आहे. मागच्या हिवाळ्यात संभाजीनगरहून एका प्राध्यापकांचा फोन आला. त्यांची केनियाची एक विद्यार्थिनी तळ्याच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंवर अभ्यास करत होती, तिला तीन-चार महिन्यांसाठी खोली हवी होती. काकांनी त्यातलं 'परदेश' तेवढं धरलं. खोलीला रंग दिला, आरसा लावला, गल्लीभर सांगत सुटले, "फॉरेनची गोरी मॅडम येऊन राह्यली!" मी म्हणालो, "काका, केनिया आफ्रिकेत आहे." ते म्हणाले, "मंग? तिथंबी फॉरेनच हाय न बे!"

त्या दिवशी झेंडूचा हार घेऊन ते स्टँडवर उभे राहिले. मीही होतो. गाडी रिकामी झाली, सगळ्यात शेवटी पाठीवर बोचकं घेतलेली एक उंच, सावळ्याहून कितीतरी सावळी पोरगी उतरली आणि हसून म्हणाली, "अंकल? नमस्ते. मैं रूथ." काका हार हातात धरून उभेच. पोरीनं हाराकडे पाहिलं, जरा वाकलीही. आणि काकांनी काय करावं? वळले आणि तो हार एसटीच्या नाकावर घातला! ना दसरा, ना काही, मंगळवार होता साधा. ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्याकडे बघतच राहिला. रूथला वाटलं, इथली अशीच पद्धत असेल. तिनं भक्तिभावानं गाडीला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शब्द दिला होता म्हणून खोली मिळाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी निळ्या रेघेचा कप आला आणि तिच्या दाराशी कागदी. काकूंनी विचारलं तर म्हणे, "त्या लोकायले तसंच चालते." मग रोजच कागदी, तोही काकूंच्या हातून. मग तिच्या भाजीचा वास यायला लागला, मग तिच्या केसांच्या वेण्यांचं काही खरं नाही असं झालं, मग मला हळूच, "दार नीट लावत जाय बरं, आपल्याले काय मालूम कशी हाय ते." पोरगी बिचारी पहाटे बाटल्या घेऊन तळ्यावर जायची, परत येताना काकूंना पाण्याची कळशी उचलू लागायची. काकू तिला 'रुता' म्हणायला लागल्या होत्या. आणि काका, स्वतःच्या काळ्या रंगापायी जन्मभर ज्यांची चेष्टा झाली ते काका, एक दिवस मला म्हणाले, "महिना भरला का दुसरी खोली पाह्य म्हना तिले."

मला माहीत होतं, दुसरी खोली नव्हतीच. इथं यायच्या आधी ती एकदा गावात खोली शोधून गेली होती, तेव्हा तिला तीन घरांनी दारातूनच परत लावलं होतं. हे तिनंच मला सांगितलं होतं, हसत हसत, पण डोळे हसत नव्हते. रोज पहाटेचं पाणी मिळालं नाही तर तिचा सगळा अभ्यास पाण्यात. मी ओट्यावर काकांना गाठलं आणि जरा जोरातच म्हणालो, "काका, तुम्ही भेदभाव करताय."

चांगलेच भडकले. "मी? मी भेदभाव करून राह्यलो? अबे, ज्याच्यावर झाला तो कसा करन? आपन तर सोसनारे! भेदभाव करनारे येगळे रायतात." मग थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आन तू शिकवून राह्यला मले? तू?"

हाच तो अपवाद. आमच्या गोठ्यातला कोनाडा आम्हा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. आत तांदूळ निवडणाऱ्या काकूंनी मात्र मान वर न करता ऐकवलं, "मले सासूनं लय छळलं. म्हनून मी सुनेले नाही छळलं, असं हाय काय? सुनेले इचारा पुण्याले फोन लावून." काकांनी चप्पल पायात सरकवली आणि तरातरा निघून गेले.

मी काही रूथला निरोप दिला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस ढकलले. शेवटी एका सकाळी काका स्वतःच "मी सांगतो तिले" म्हणत जिना चढले. रूथ तळ्यावरून नुकतीच आली होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी माझ्या दारात दाढीचा साबण लावून उभा.

आमच्या जिन्याच्या वळणावर, पणती ठेवायला केलेला एक कोनाडा आहे. काका तिथं आले आणि थबकले. कोनाड्यात कागदी कप होता. रूथला रोज नवा कप फेकायचं जिवावर यायचं, कचरा नको म्हणून गेले आठ दिवस ती तोच कप धुऊन ठेवायची, काकू त्यातच चहा ओतायच्या. आठ दिवसांत त्याचा काठ पार मऊ झाला होता. स्वच्छ धुतलेला, पालथा घातलेला.

काका बघत राहिले. कप उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मग त्याच पायरीवर मटकन बसले. मी "काका?" म्हणालो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माह्या बापाचा..." त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. साबण तोंडावर वाळून गेला तरी मी तसाच उभा.

थोड्या वेळानं उठले, खाली गेले. चहाचं आधण त्यांनीच ठेवलं, काकूंना हात लावू दिला नाही. वर आले ते एका हातात निळ्या रेघेचा कप आणि दुसऱ्या हातात चहाचं भांडं घेऊन. रूथनं दार उघडलं. काकांनी चांगला कप तिच्या हातात दिला, कोनाड्यातला कागदी कप उचलला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि तिच्या उंबऱ्याशी बसले. आठ दिवस धुतलेला कप तो! दुसऱ्या घोटालाच बुडातून गळायला लागला. चहा मनगटावरून कोपरापर्यंत, सदऱ्यावर, धोतरावर. रूथ "अंकल! अंकल!" करत फडकं घेऊन धावली. "राहू दे माय," काका म्हणाले, "राहू दे. पिऊ दे मले." आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. खोली सोडण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

रूथ चार महिने राहिली, तिचं पाणी भरून झालं, अभ्यास झाला. ती निघाली तेव्हा स्टँडवर पुन्हा झेंडूचा हार होता, आणि या खेपेला तो पोहोचायचा तिथंच पोहोचला. जाताना काकांनी तिला चोवीसांतला एक कप रुमालात गुंडाळून दिला. आता घरात तेवीस आहेत. मी म्हणालो, जालन्याला चाललोय, जुळता बघू का? म्हणाले, "नको. एक कमीच बरा." घर पाहुण्यांनी भरलं की सगळ्यांचं झाल्यावर, कप रिकामा झाला की काका आपला चहा घेतात, कुणी कितीही आग्रह करो.

गेल्या पोळ्याला मी वडनेरला गेलो होतो. बैल सजवताना कोनाड्याकडे लक्ष गेलं. कप होता. कान तुटलेला, पालथा, आत कोळ्याचं जाळं. इतकी वर्षं तो तिथं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानंही त्याला हात लावला नव्हता. मी तो घासून धुतला, घरात नेला आणि आईला म्हणालो, "आज मला यात चहा दे." आईनं आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिनं आधण ठेवलं. तो कप आता माझ्या पिशवीत आहे, लोणारला, काकांच्या डोक्यावरच्या खोलीत. त्यांच्या बापाचा आहे, त्यांना द्यायला हवा. रोज सकाळी चहा घेताना ठरवतो की आज देऊ, आणि रोज त्यांचा तो निळ्या रेघेचा कप रिकामा करून, धुऊन, सुलटा ठेवून शाळेला जातो.