थोरल्या मानाचा चुडा

"वाट संपते कुठं?" बाई विचारायच्या, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "बाईच्या अंगावर!"

आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात शिवण. खरं सांगते, त्यांचा तास ऐकू यावा म्हणून मी माझी मशीनं बंद ठेवायचे. नकाशावर बाई आपला वाकडा अंगठा कोकणातल्या बंदरावर टेकवायच्या आणि गगनबावड्याचा घाट चढवून कोल्हापुरात आणायच्या. "जहाजातनं पोवळी आली, काच आली. बैलांच्या पाठीवरनं हितं आली. मग कान टोचले, हात दाबले. रेशमाच्या वाटेच्या त्या टोकाला, चीनात, तर पोरींचे पाय बांधायचे! व्यापाऱ्यांचं पुस्तकात हाय. ओरडलं कोण, ते मी सांगते."

नव्या मास्तरांनी एकदा विचारलं, "बाई, अंगठ्याला काय झालं?"

"लग्न."

लग्नात सासूनं त्यांना सव्वादोनच्या मापाचा चुडा भरायला लावला होता. हात मोठा, बांगडी लहान. घट्ट चुडा उठून दिसतो म्हणे. सांधा निखळला, नवी नवरी म्हणून चार दिवस कुणी दाखवायलाही नेलं नाही. तो वाकडाच राहिला.

आता ऐका. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. लेक दातांची डॉक्टर, सगळी कमाई बोटांत. आणि नातीच्या लग्नाला आजऱ्याहून आलेल्या बाईंच्या त्याच सासूबाईंनी फर्मान काढलं, "सव्वादोनच! आमच्या घरात सैल चुड्याची नवरी झाली न्हाय."

बाई इतकं गोड हसल्या, की मी चुडा भरायच्या दिवशी कसबा बावड्याला बाईंच्या घरी अर्धा तास आधीच पोचले.

कासारानं माल मांडला. लेक हात पुढं करणार, तोच बाई सासूकडं वळून म्हणाल्या, "आधी आत्यांना. थोरला मान." म्हातारी खुलली. बाईंनी सव्वादोनची बांगडी उचलली आणि स्वतःच चढवायला घेतली.

"तेल लाव की जरा," म्हातारी म्हणाली.

"छे! तुमचीच रीत हाय न्हवं? कोरडीच."

बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडकली. बाईंनी रेटली.

"दुखतंय का, आत्या?"

"न्हाय की!"

आणखी रेटली. अंगठा जांभळा.  मी कानाशी लागले, "बाई, सोडा, म्हातारं माणूस हाय."

"तू गप. तीस वर्सं थांबलीया मी. आत्या, दुखतंय?"

"...दुखतंय."

"मोठ्यानं."

"दुखतंय म्हनलं की, भवाने!"

बाई कासाराकडं वळल्या. "ऐकलंसा? पोरीला अडीचच्या काढा."  कासारानं म्हातारीची अडकलेली बांगडी वाढवली, आणि लेकीच्या हातात हिरवा चुडा कसा सुळसुळत गेला म्हणून सांगू!

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या त्याच दुपारच्या, स्वयंपाकघरातल्या. म्हातारीचा हात मांडीवर घेऊन तेल चोळत होत्या. मी पाणी प्यायला गेले आणि दारातच थांबले.

"तुझाबी असाच सुजलता," म्हातारी म्हणाली.

"व्हय."

"रातभर कन्हत हुतीस. मी जागीच हुते."

बाईंचा हात थांबला. क्षणभरच. मग त्यांनी तो सांधा असा दाबला, की म्हातारी कळवळून ओरडली. बाई खुदकन हसल्या, वाटीतलं आणखी तेल घेतलं आणि चोळत राहिल्या.