बरी झालेली बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याला माझ्या गोळ्यांची जागा ठाऊक आहे, पण हे नाही.

नाशिकच्या एका पेपरच्या पुरवणीत मी दर रविवारी माझ्या नैराश्याबद्दल लिहायचे. दिवसेंदिवस केस न विंचरणं, वर्गात फळ्याकडे तोंड करून रडणं — सगळं लिहिलं, आणि खरं लिहिलं. कॉलेज रोडला भाजी घेताना बायका हात धरून म्हणायच्या, किती प्रामाणिक लिहिता हो. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

मग संपादक म्हणाले, मॅडम, आता वाचकांना तुम्ही बऱ्या झालेल्या बघायच्यात. शेवट गोड करा.

मी बरी नव्हते. तरी लिहिलं — गोळ्या सुटल्या, सकाळी गोदाकाठी चालते, लिहिणं हेच माझं औषध. चालायला एकदोनदा गेले असेन. गोळ्या मात्र रोज घेत होते. कौतुक करायला येणाऱ्यांना दिसू नयेत म्हणून हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. अजून तिथेच असतात. अजून घेते.

चांदवडहून सुनंदाचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, पदरात लहान मुलगी, आणि तिलाही हाच आजार. "मॅडम, तुमचं वाचून मी बी गोळ्या बंद केल्या. लय हलकं वाटतंय."

काय म्हणायचं होतं मला? अगं, मी खोटं लिहिलंय, आजच परत सुरू कर. एवढंच तर. मग का नाही म्हणाले? ती चारचौघांत बोलेल, ही भीती? हो, तीच. दुसरं काही नाही. मी म्हणाले, छान, जप स्वतःला.

पुढे तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि सुनंदाला वणीला, माहेरी धाडलं. मुलीला फोनवरही बोलू देत नाहीत.

मी भेटायला गेले. तेव्हा तरी सांगेन, असं ठरवून गेले होते — खरंच. तिच्या आईने चहा केला, मला खुर्ची दिली. सुनंदा भिंतीला टेकून बसलेली, स्वतःवरच चिडलेली. म्हणाली, "तुम्हाला जमलं ना, मॅडम. माझ्यातच दम नाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि म्हणाले, सगळ्यांनाच जमतं असं नाही गं.