काचेच्या आतली फुलं

माझा मामा जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेचे पेपरवेट ओळखतो. आत फुलांची दाटी आहे की दुधी धाग्यांची जाळी, यावरून तो कारखाना सांगतो. दुकानातले त्याला दुर्बीण म्हणतात. पण वर्षभरात त्याची नजर पार गेलीय आणि हे त्याने मालकांना सांगितलेलंच नाही. आज त्यांनी एक पेपरवेट घरी पाठवला, संध्याकाळपर्यंत ओळखून हवा म्हणून.

"काय दिसतंय, सांग," मामा म्हणाला.

"निळी फुलं. खूप आहेत."

"अगं, भाजी घ्यायला आलीयस का? एका फुलाच्या मधोमध बघ. चांदणी आहे की ठिपका?"

मी भिंग लावून डोळे फाडफाडून पाहिलं. कधी चांदणी वाटायची, कधी ठिपका.

"मामा, खरंच कळत नाहीये रे."

मग मामा स्वतःच पेपरवेट हातात घेऊन बोटं फिरवत बसला. पण नक्षी सगळी आत, वरून नुसता गुळगुळीत गोटा. बोटांना काय कळणार?

"चांदणीच सांगूया ना," मी म्हटलं.

"नको. माझ्या नावावर अंदाज नको. मालकांना फोन लाव, मीच सांगतो काय ते."

मी रडत रडत नंबर लावला. मामा शर्टाची कॉलर नीट करत होता.